मी दिलेली संथा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. एकदा घाटावर, चारचौघांत, सांगायची वेळ आली होती. तोंड उघडलंही होतं. ते का मिटलं, ते पुढे येईलच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि — खरं सांगू? — जुलै लागला की ही गोष्ट घशाशी येते. दरवर्षी येते. दरवर्षी गिळतो.

तुम्ही ती फ्रान्समधली सायकलची शर्यत पाहता का? तीन आठवड्यांची? आमच्या गल्लीत ती पाहणारे दोघंच होते. मी, आणि माझे काका. त्यातल्या काकांना दिसत नव्हतं.

काशीत बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला आमचं घर. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि अर्धं छत. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर समोरच्याची भिंत. काका सख्खे नव्हेत, वडिलांचे चुलतभाऊ. वडील रेल्वेत होते. मी अकरा वर्षांचा असताना गेले. मग आई आणि मी काकांकडे आलो ते तिथलेच झालो. काकांनी लग्न केलं नाही. वेदपाठशाळेत शिकवायचे. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत न्यायचे, आणि चौकाकडे चढ लागला की मी म्हणायचो, काका, उतरतो. ते धापा टाकत म्हणायचे, "बस गुपचूप. उतरलास तर मला लाज वाटेल."

हे आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगितलं तर ते रडगाणं वाटेल.

साठी उलटल्यावर काकांनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे काशीची सीमा आता ओलांडायची नाही, मरेपर्यंत. लग्नाला नाही, मयताला नाही, दवाखान्यासाठी दिल्लीलाही नाही. आमच्याकडच्या जुन्या लोकांत ही प्रथा आहे. ती त्यांनी घेतली तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. मी तिशीतला होतो, बँकेत नुकता चिकटलो होतो, आणि कायम इथेच राहणं म्हणजे काय हे तिशीत कुठे कळतं? पुढे काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले. मग गुडघे गेले. तिसरा मजला उतरणं बंद झालं, मग खोलीच्या बाहेरचं छत हेच त्यांचं काशीक्षेत्र. आणि त्या क्षेत्राला बांधलेला मी. आई तोवर गेली होती.

शर्यतीचं वेड कसं लागलं ते सांगतो. एका जुलैत मी संध्याकाळी सहज लॅपटॉपवर ती लावून बसलो होतो. डोंगराचा टप्पा होता. वाटेच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे, हातात गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्या बेफाम वाजवतायत. काकांनी माळ थांबवली. "विनू, कसल्या रे घंटा?" मी सांगितलं. डोंगर किती उंच, ते विचारलं. चढ किती, ते विचारलं. मी म्हटलं, शंभर पावलं पुढे गेलं तर आठ पावलं वर. ते म्हणाले, "बरा आहे. आपल्या घाटापेक्षा बरा आहे."

घाटाच्या पायऱ्या त्यांना पाठ होत्या. नऊ वर्षांचे असताना ते कोकणातून एका नातेवाइकाच्या मागोमाग काशीत आले, आणि पहिली तीन वर्षं त्यांनी पाणक्याचं काम केलं — गंगेचं पाणी कळशीनं वर चढवून ब्राह्मणांच्या घरोघर पोचवायचं. पाठशाळेच्या घरीही पाणी घालायचे. आत मुलं घोकत असायची. ते घोकणं ऐकत ऐकत काका पायऱ्या चढायचे. एक दिवस गुरुजींनी या पोराला कळशी खांद्यावर घेऊन अख्खा अध्याय म्हणताना ऐकलं आणि कळशी खाली ठेवायला लावली. ही गोष्ट काका फार सांगत नसत. पण शर्यतीत एक स्वार होता. त्याचं काम काय, तर मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपर्यंत जायचं, सदऱ्यात पाण्याच्या सात-आठ बाटल्या कोंबायच्या आणि चढावर पुन्हा पुढे जाऊन आपल्या संघाच्या पुढाऱ्याला पाजायच्या. तेरा वर्षं तो हेच करत होता. स्वतः एकदाही जिंकलेला नाही. मी हे सांगितलं त्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला. त्याचं नाव काकांच्या जिभेवर चढेना. ते त्याला पाणक्याच म्हणायचे.

"आपला पाणक्या कुठाय?" बसल्या बसल्या पहिला प्रश्न हा. मग, "वरात कुठवर आली?" — वरात म्हणजे मागचा मोठा जथा. चढावर सगळ्यांत तेज ठरलेल्या स्वाराला, डोंगरांच्या राजाला, ठिपक्यांचा सदरा देतात हे कळल्यावर म्हणाले, "बायकांच्या खणासारखा? आणि घालतो तो?" स्वार सायकलवरच खातात-पितात, आणखीही बरंच काही करतात, हे ऐकून म्हणाले, "सोवळ्याचं एक असो, पण थांबायला काय होतं मेल्यांना?" खाली पानाच्या ठेल्यावरचे मिसिरजी मला ऑफिसातून येताना अडवायचे — "का गुरु, आज पहाड़ बा कि मैदान?" मैदान असलं तर काका वरूनच ओरडायचे, "मैदान है मिसिरजी, सो जाइए!"

आता मुद्द्याची गोष्ट. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काकांना समालोचकाचं इंग्रजी झेपत नसे. म्हणून मी सांगायचो. पण नुसतं ऐकून सोडून देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पाठशाळेत शिकवतात त्याला संथा म्हणतात. गुरू एकदा म्हणतो, शिष्य तेच दोनदा म्हणतो. जसंच्या तसं. त्यात शंका नाही, बदल नाही. एक स्वर चुकला तरी पाप. आयुष्यभर ते दुसऱ्यांना संथा देत आले होते, आणि आता मी त्यांना देऊ लागलो. मी म्हणायचो, "शिखर नऊ किलोमीटर, पुढे चौघं, वरात दोन मिनिटं मागे." ते म्हणायचे, शिखर नऊ किलोमीटर, पुढे चौघं, वरात दोन मिनिटं मागे. पुन्हा एकदा तेच. सकाळी छतावर खुर्ची टाकून अख्खा टप्पा पहिल्यापासून म्हणायचे — कुठल्या चढावर कोण सुटला, कोण मागे पडला, किती सेकंदांनी. मिसिरजी ठेल्यावर यायच्या आधी वर येऊन ऐकून जायचे. एक आकडा कधी चुकला नाही. मी पडताळून पाहिलं आहे.

त्यांचा माझ्यावर किती विश्वास होता, हे वेगळं सांगायला हवं का?

त्या वर्षी — आता तीन वर्षं होतील — मला पुण्याला बदली मिळत होती. अकरा वर्षं अर्ज करत होतो. माझी बायको, वैशाली, मुलीला, मुग्धाला, घेऊन कॉलेजच्या ॲडमिशनसाठी पुण्यातच गेली होती. रोज फोन, "तू काय ठरवलंस?" मी काय ठरवणार? काका काशी सोडणार नाहीत, आणि काकांना सोडून मी जाणार नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. काकांना मात्र बदलीचं मी सांगितलंच नव्हतं. अर्ज केल्याचं नाही, मिळाल्याचं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, जा. मनापासून म्हणाले असते. मग — का सांगितलं नाही? चांगला दिसायचं होतं म्हणून? की "जा" म्हटल्यावरही जाता येणार नाही, हे समोर यायला नको होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

उत्तर द्यायचा शेवटचा दिवस आला. दुपारी ऑफिसातून नकार पाठवला. दोन ओळी होत्या. पाठवल्यावर कॅन्टीनला जाऊन चहा घेतला. संध्याकाळी घरी निघालो. गंगा चढत होती. खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, घाटाघाटानं जाण्याची वाट बंद झाली होती, त्यामुळे सगळं शहर जणू गल्ल्यांत शिरलेलं. एका वळणावर सांड आडवा बसलेला. पुढे जाता येईना, मागे मोटरसायकली, मागे वळता येईना. पंधरा मिनिटं मी त्या सांडाच्या पाठीकडे बघत उभा होतो. कुणीतरी मागून म्हणालं, "बइठल रहा भइया, महादेव के मर्जी." लोक हसले. मीही हसलो असेन.

घरी पोचलो तर काका हातपाय धुऊन, मांडी घालून तयार. "उशीर केलास. दोन चढ गेले असतील."

पाणी प्यालास का, दमलास का — काही नाही. नेहमी विचारायचे, हेही सांगतो. त्या दिवशी नाही विचारलं, कारण त्या दिवशी खास होतं. पाणक्याचा पुढारी दोन दिवसांपूर्वी पडला होता, खांद्याचं हाड मोडून घरी गेला होता. आता पाणी पोचवायचं कुणाला? पाणक्या मोकळा होता. सकाळपासून काका एकच म्हणत होते, आज तो जाईल बघ पुढे.

मी लॅपटॉप लावला. तो पुढे होता. खरंच होता. पुढच्या सहाजणांत होता, आणि शेवटचा चढ सुरू झाला — चौदा किलोमीटरचा — तेव्हा त्यानं पहिला, मग दुसरा, असे एकेक मागे टाकले. आठ किलोमीटर राहिले तेव्हा तो एकटा होता. मी सांगितलं. काकांनी दोनदा म्हटलं. आणि मग त्यांनी माझा गुडघा धरला, घट्ट, आणि म्हणाले, "सुटला रे! विनू, सुटला तो!"

त्यांचा चेहरा मला आठवतो. डोळे मिटलेले, तोंड उघडं, चाळीस वर्षांनी लहान. एवढा आनंद मी त्यांना कधी देऊ शकलो नव्हतो. कुठल्यातरी डोंगरावरचा कुणीतरी परका माणूस, ज्याला पाणी वाहण्यातून सुटका मिळाली — त्याच्यासाठी हे रडायच्या बेतात. आणि त्यांच्या शेजारी, ज्याचा गुडघा धरलाय, तो? दुपारी ज्यानं दोन ओळी पाठवल्या तो?

त्यांना माहीतच नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. न सांगितलेलं ओळखलं नाही, म्हणून मी त्यांच्यावर — आणि त्यांना तर दिसतही नव्हतं.

थांबा. हे कारण म्हणून सांगत नाही. घडलं त्या क्रमानं सांगतोय, एवढंच.

शेवटच्या किलोमीटरवर रस्त्यावर लाल पताका लावलेली असते. ती यायच्या थोडं आधी मी लॅपटॉपचा आवाज बंद केला. हा तपशील मी स्वतःपासूनही बरेच दिवस लपवला. कारण आवाज बंद केला नसता तर समालोचकानं त्याचं नाव घेऊन केलेला जल्लोष काकांनी ऐकला असता. म्हणजे काय? म्हणजे ते तोंडातून निसटलेलं नव्हतं. हात आधी गेला होता.

"आवाज का गेला?"

"नेटवर्क. चित्र आहे. सांगतो."

"सांग."

मी म्हटलं, पताका गेली, एक किलोमीटर, मागचा वीस सेकंदांवर. त्यांनी दोनदा म्हटलं. मी म्हटलं, चारशे मीटर. त्यांनी दोनदा म्हटलं. पडद्यावर तो मागे वळून पाहत होता. आणि मी म्हटलं, "मागचा आला. गाठलं त्याला. पुढे गेला. पाणक्या दुसरा."

काकांनी म्हटलं नाही.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मागे कुणी म्हणत नव्हतं. पडद्यावर पाणक्या दोन्ही हात वर करून रेघ ओलांडत होता. मग सायकलीवरून उतरून रस्त्यातच बसला, तोंड हातांत घेऊन. इकडे काकांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तिथेही मला थांबता आलं असतं. "चुकलं काका, नीट दिसलं नाही" — एवढं म्हणायला काय लागतं?

मी म्हटलं, "म्हणा."

लहानपणी मी अडखळलो की ते जसं म्हणायचे, तसंच. त्याच सुरात. "म्हणा, काका."

आणि त्यांनी म्हटलं. मागचा आला. गाठलं त्याला. पुढे गेला. पाणक्या दुसरा. मग पुन्हा. दोनदा. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज एकदम सपाट झाला होता, पाठ झाल्यावर होतो तसा.

मला बरं वाटलं. हे लिहायला हात होत नाही, पण आता लिहायचंच तर — त्या क्षणी मला बरं वाटलं. आपण एकटेच नाही, असं काहीतरी. मग मी वरण गरम केलं, भात कालवून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "मागे वळून पाहिलं असेल रे त्यानं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैदानाचा टप्पा. समालोचक कालच्या गोष्टी बोलत होते. पाणक्याचं नाव सारखं येत होतं. काकांनी कान दिला. "त्याचं नाव घेतायत. विन म्हणाला ना आत्ता?" मी म्हटलं, "जिंकता जिंकता राहिला म्हणतायत." त्यांनी मान हलवली. सकाळी मिसिरजींना त्यांनी सगळा टप्पा म्हणून दाखवला होता, शेवटासकट. मिसिरजी जिन्यात मला म्हणाले, "बड़ा अन्याय भयल गुरु." मी म्हटलं, "हाँ, खेल है." त्यांच्याकडे न बघता उतरलो.

तुम्ही म्हणाल, मग दुरुस्त का नाही केलं? वैशाली परत आली, पूर ओसरला, दिवाळी झाली — वेळ का नव्हता? रोज वेळ होता. पण दिवस जितके जास्त, तितकं सांगणं अवघड. पहिल्या दिवशी "चुकलो" म्हटलं असतं तर चालून गेलं असतं. महिन्यानंतर "का केलंस?" हा प्रश्न आला असता. तो प्रश्न मला नको होता. म्हणून मी रोज त्यांचं अंग पुसलं, नखं काढली, छतावर उन्हात बसवलं, आणि रोज ती संथा ऐकली. काकांनी ती टाकली नाही, तेच तर. कुणी जुना विद्यार्थी भेटायला आला की ते आवर्जून तोच टप्पा म्हणायचे — पाणक्याचा. नऊ ठिकाणची नावं, सगळे आकडे, सगळं बिनचूक, आणि शेवटी ते. ज्या माणसानं साठ वर्षांत एक स्वर चुकू दिला नाही, त्याच्या तोंडी मी चूक बसवली होती. आणि ती तो प्रेमानं म्हणत होता.

पौषात एकदा छतावर, दुपारी, वैशाली मटार सोलत बसली होती, मी त्यांच्या पायांना तेल लावत होतो. काका म्हणाले, "विनू, ते शेवटचे चारशे मीटर परत सांग."

"का?"

"कुठंतरी अडतंय. बाकी सगळं बसतंय, तेवढं बसत नाही. वीस सेकंद मागे होता ना तो? चारशे मीटरमध्ये, चढावर, वीस सेकंद भरून कसे निघतील? मी हिशेब केला. मोजून पाहिलं, जमत नाही." मग, "पाय गळाले का रे त्याचे?"

वैशालीनं वर पाहिलं. तिला काय त्यातलं — ती पुन्हा मटार सोलू लागली. माझे हात तेलकट होते. त्यांचा पाय माझ्या मांडीवर. एका शब्दात संपलं असतं. आणि आता ते विचारत होते. स्वतःहून दार उघडून उभे होते.

मी म्हटलं, "हो. पाय गळाले. जवळजवळ थांबलाच तो."

"हं," काका म्हणाले. "मग माझंच ऐकण्यात राहिलं. तू सांगितलं असशील, मी धरलं नसेल."

चूक त्यांनी स्वतःकडे घेतली. मी घेऊ दिली.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, यंदा तो येईल का? मला माहीत होतं, त्यानं सायकल सोडली होती — हंगामाच्या शेवटी, मोठ्या मानानं, आता मनात काही राहिलं नाही असं म्हणून. मी म्हटलं, सोडली त्यानं, वय झालं.

"न जिंकताच?"

"न जिंकताच."

काका पाय आखडून घेत म्हणाले, "असू दे. पाणी पोचवलं ना त्यानं."

फाल्गुनात काका गेले. झोपेत, पहाटे. अग्नी मी दिला. दहा दिवस वेगळा बसलो, जमिनीवर निजलो, आणि त्या दहा दिवसांत मी एक ठरवलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवावा लागतो. शिवला नाही की जमलेले लोक गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते आठवून आठवून बोलतात. मी ठरवलं — कावळा थांबला की मी सांगायचं. मोठ्यानं. "काका, तो जिंकला होता." सगळ्यांसमोर. लोक विचारतील, कोण जिंकला? सांगायचं. थांबणार तर कावळा होताच. मला खात्री होती. मला त्या थांबण्याचाच आधार वाटत होता.

घाटावर दहा-बारा माणसं होती. वैशाली, मुग्धा पुण्याहून आलेली, दोन-तीन जुने विद्यार्थी, मिसिरजी दुकान बंद करून. पाणी खाली गेलेलं, सगळ्या पायऱ्या उघड्या, ज्या पायऱ्यांवरून काकांनी कळश्या चढवल्या त्या. गुरुजींनी पिंड ठेवायला सांगितला. मी ठेवला. उठलो, मागे व्हायला पाऊल उचललं, तोंड उघडलं — आणि पंख वाजले. माझा हात अजून पुरता मागे आला नव्हता. कावळा आला, चोच मारली, भात उचलला. लगेच दुसरा. मग तिसरा.

"वा!" गुरुजी म्हणाले. "क्षणही नाही लागला. काही राहिलेलं नव्हतं हो त्यांचं. असा पुतण्या असल्यावर राहणार काय?"

मिसिरजींनी डोळे पुसले. एक विद्यार्थी माझ्या पाया पडला. वैशालीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि ती बाई, जिनं माझ्यामुळे पुणं सोडलं, हळूच म्हणाली, "तू सगळं केलंस त्यांचं."

मी तोंड मिटलं. मग खाली जाऊन हात धुतले.

तुम्हाला काय वाटतं, कावळ्याला काही कळतं का? मला वाटत नाही. त्याला भूक लागली होती. पण मी त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत, त्याच्याआड गेलो. आणि तेव्हापासून आडच आहे. गल्लीत माझं नाव आहे. मुलं काशीबाहेर गेली, म्हाताऱ्यांना विचारत नाहीत, असं काही निघालं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. पुण्याची बदली गेल्या वर्षी पुन्हा आली. वैशाली म्हणाली, आता तरी? मी नाही म्हटलं. काकांचं घर आहे, म्हटलं. तिनं फार विचारलं नाही. तिला वाटतं, मी त्यांच्या आठवणीत राहतो.

काकांचा पलंग अजून आहे. जुलैत मी डोंगराचे टप्पे बघतो, तिथेच बसून, आवाज सुरू ठेवून. मिसिरजी अजून विचारतात, पहाड़ बा कि मैदान. पाणक्याचा तो टप्पाही कुणीतरी इंटरनेटवर चढवून ठेवला आहे. मी तो अनेकदा लावला. शेवटच्या चारशे मीटरवर आलं की बंद करायचो. परवा पहिल्यांदा पुरता पाहिला. तो इथे लिहून ठेवतो, दिसला तसा.

पताका गेली. एक किलोमीटर, मागचा वीस सेकंदांवर. चारशे मीटर. तो मागे वळून पाहतो. रस्ता रिकामा. पुन्हा पाहतो, विश्वास बसत नाही म्हणून. दोनशे. सदऱ्याची चेन वर ओढतो. मागचा दिसत नाही. पाय गळालेले नाहीत. पाणक्या पहिला, चोवीस सेकंदांनी.